चुकतं कोण, माणूस की मोजपट्टी?

आज आपण एका जुन्या भांडणाचा इतिहास पाहणार आहोत. भांडण आहे माणसाचं आणि संभाव्यतेच्या गणिताचं. गणित सांगतं एक आणि माणूस करतो भलतंच. मग चुकतं कोण?

१९३३ साली आंद्रेई कोल्मोगोरोव यांनी संभाव्यतेचे मूलभूत नियम पक्के केले. पुढे १९५४ मध्ये लिओनार्ड सॅव्हेज यांनी निर्णयाचा एक साधा नियम मांडला. पाऊस पडला तरी तुम्ही जाणार, नाही पडला तरी जाणार. मग पावसाचं काही ठाऊक नसतानाही तुम्ही जायलाच हवं. यात वाद घालण्यासारखं काय आहे?

१९९२ मध्ये एमॉस ट्वर्स्की आणि एल्डार शफीर यांनी हे तपासलं. समजा, तुम्ही एक डाव खेळलात. जिंकलात तर २०० डॉलर मिळतात, हरलात तर १०० जातात. पुन्हा खेळाल? 'जिंकलात' असं सांगितल्यावर ६९ टक्के विद्यार्थी हो म्हणाले. 'हरलात' म्हटल्यावर ५९ टक्के. आणि निकाल सांगितलाच नाही तेव्हा? आकडा या दोहोंच्या मध्ये यायला हवा होता. आला ३६!

त्यांचं स्पष्टीकरण मानसशास्त्रीय होतं. जिंकलेला म्हणतो, खिशात पैसे आहेत, खेळू. हरलेला म्हणतो, भरून काढू. निकालच ठाऊक नसला की हाताशी कारण उरत नाही. पटतं हे, पण ३६ चं गणित कसं मांडायचं?

असं गणित भौतिकशास्त्रात आधीच होतं. प्रकाशाच्या वाटेत दोन फटी ठेवल्या, तर पडद्यावर काही ठिकाणी एका फटीपेक्षाही कमी प्रकाश पडतो. याला व्यतिकरण म्हणतात. १९२६ मध्ये माक्स बॉर्न यांनी क्वांटम संभाव्यतेचा नियम दिला. त्यानुसार आधी दोन्ही वाटांची बेरीज करायची आणि मग वर्ग घ्यायचा. त्यामुळे वाटा एकमेकींना खोडू शकतात. इथे 'जिंकलो' आणि 'हरलो' या दोन वाटा समजा. ब्रुसेल्सच्या डिडेरिक आर्ट्स यांनी १९९५ च्या सुमारास हे गणित निर्णयप्रक्रियेला लावून पाहिलं. २०१२ मध्ये जेरोम बुसमायर आणि पीटर ब्रुझा यांनी त्यावर सविस्तर ग्रंथच लिहिला.

इथे एक गैरसमज टाळू या. मेंदूत क्वांटम यंत्र बसवलंय, असा हा दावा नाही. उसना घेतलाय तो फक्त हिशेब.

पण टीकाकार म्हणाले, एक मोकळा आकडा हाताशी असला की काहीही जुळवता येतं. आक्षेप रास्त होता. त्याला उत्तर मिळालं जनमत चाचण्यांतून. १९९७ मध्ये गॅलपने अमेरिकनांना विचारलं, क्लिंटन प्रामाणिक वाटतात का? गोर वाटतात का? क्लिंटन यांचं नाव आधी घेतलं तेव्हा त्यांना ५० टक्के होकार मिळाले. गोर यांच्यानंतर घेतलं तेव्हा ५७. क्वांटम गणितात मोजमापांचा क्रम बदलला की उत्तर बदलू शकतं. शिवाय हे गणित एक बंधनही घालतं. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणणाऱ्यांचं एकूण प्रमाण दोन्ही क्रमांत सारखंच यायला हवं. इथे जुळवायला मोकळा आकडा एकही नाही. झेंग वांग, बुसमायर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ७० राष्ट्रीय सर्वेक्षणं तपासली, आणि हे भाकीत चांगलंच टिकलं.

म्हणून भांडण मिटलं का? नाही. २०१६ मध्ये काही संशोधकांनी दाखवलं, की या प्रतिमानांचे सर्वांत साधे प्रकार अशाच माहितीवर नापास होतात. जास्त गुंतागुंतीचे प्रकार अजून मैदानात आहेत.

तरी एक गोष्ट हलली, ती हललीच. मत आत तयार असतं, प्रश्न ते फक्त बाहेर काढतो, असं आपण धरून चालत होतो. या गणितात प्रश्न मत घडवतोही. मतदाराला, साक्षीदाराला, रुग्णाला आपण काय विचारतो याइतकंच आधी काय विचारतो, हेही मग महत्त्वाचं ठरतं. माणसाला अविवेकी ठरवण्याआधी आपली मोजपट्टी एकदा तपासावी, एवढं तरी या इतिहासातून घेऊ या.