नंबर लावण्यापासून लीडपर्यंत

मोटारींच्या वितरकांना ऑनलाइन जाहिरातींचा सल्ला देणं हा माझा व्यवसाय. त्याचा इतिहास मी टंचाईच्या काळापासून मोजतो. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी घ्यायची तर आगाऊ रक्कम भरून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. गिऱ्हाईकच दारात ताटकळत असताना वितरक जाहिरात कशाला करील? १९८३मध्ये मारुती ८०० आली, तिच्यासाठीही लोकांनी नंबर लावले.

१९९३मध्ये मोटारनिर्मितीवरचं परवान्याचं बंधन गेलं, नव्या कंपन्या आल्या आणि पारडं फिरलं. आता वितरक गिऱ्हाईक शोधायला निघाला. पाडव्या-दसऱ्याला वर्तमानपत्रात पानभर जाहिरात, सोसायटीच्या फाटकाशी मांडव, कर्जमेळे.

२००५मध्ये कारवाले हे मोटारींची माहिती देणारं संकेतस्थळ सुरू झालं. किंमत, मायलेज, तुलना, सगळं लोक घरबसल्या पाहू लागले. शोरूममध्ये माणूस येण्याआधी त्याचा फोन नंबर येऊ लागला; त्यालाच आम्ही लीड म्हणतो. माझ्या मते धंदा खरा बदलला तो इथे. पुण्यातल्या एका शोरूमची पाडव्याच्या आठवड्यातली एक्सेल शीट मी पाहिली. शनिवारी रात्री आलेल्या चौकशीपुढे थेट सोमवारी दुपारचा शेरा होता : 'फोन उचलला नाही.' त्या गृहस्थांनी रविवारीच दुसरीकडे टोकन भरलं होतं. ऑनलाइन जाहिरातीवरच्या त्या क्लिकचे पैसे मात्र शोरूमने मोजले होते.

वितरकांना माझं कळकळीचं सांगणं आहे : जाहिरातीचं बजेट वाढवण्याआधी, आलेल्या चौकशीला त्याच तासात फोन करणारं माणूस नेमा.