कंठस्थ इतिहास आणि नवी यंत्रे



लेखी कागद नाही म्हणून ज्यांना इतिहासच नाही असे ठरविले गेले, त्या समाजांविषयी आज मला बोलावयाचे आहे. नवागामला हा विषय परका नाही. उधन्याहून निघणारा ताप्ती खोऱ्याचा लोहमार्ग व्यारा, नवापूर, नंदुरबार करीत खानदेशात जातो. आपल्यापैकी अनेकांची घराणी त्याच वाटेने सुरतेस आली. त्या वाटेच्या एका अंगाला सातपुडा, दुसऱ्या अंगाला डांग. दोन्ही भिल्लांची भूमी.

१८२५ साली जेम्स आउट्रमच्या हाताखाली खानदेशात भिल्ल पलटण उभी राहिली. सरकारी दप्तरात भिल्ल भेटतो तो बहुधा लुटारू म्हणून, नाही तर या पलटणीचा शिपाई म्हणून. १८५७ साली सेंधव्याच्या मुलखात खाज्या नाईकाने बंड पुकारले, पुढच्या एप्रिलात अंबापाणीची लढाई झाली; तीही आपणांस कळते ती मुख्यतः प्रतिपक्षाच्या कागदांतून.

भिल्लांचे स्वतःचे दप्तर त्यांच्या कंठात आहे. गुजरातेत खेडब्रह्मा परिसरात भगवानदास पटेल यांनी नाथाभाई गमार या गायकाकडून भिली महाभारत टिपून घेतले. त्यात वासुकी नाग अर्जुनाला नामोहरम करतो. व्यासांच्या ग्रंथाची ती मोडकी नक्कल नव्हे. बलाढ्यांच्या पराक्रमाकडे पाहण्याची ती स्वतंत्र दृष्टी आहे. डॉ. गणेश देवी यांच्या पुढाकाराने तेजगडला आदिवासी अकादमी उभी राहिली. तेथील संग्रहालयाचे नावच ‘वाचा’ आहे.

आता यंत्रे ध्वनिमुद्रणाच्या पुढे गेली आहेत. २०१६ साली ऑस्ट्रेलियात ‘कोलिजन्स’ हा आभासी वास्तवाचा चित्रपट निघाला. डोळ्यांवर उपकरण चढविताच प्रेक्षक मार्टू लोकांच्या वाळवंटात पोहोचतो, आणि न्यारी न्यारी मॉर्गन या वृद्धाने तरुणपणी पाहिलेला अणुस्फोट त्याच्यापुढे उभा राहतो. राज्यकर्त्यांनी जी भूमी निर्जन मानली, तेथे साक्षीदार होता, हे त्यातून जगाला दिसले.

असे साधन सातपुड्यालाही लाभावे, असे मला मनापासून वाटते. परंतु एक भेद विसरू नये. सांगणारा श्रोत्याचे तोंड पाहून कथा वळवितो; हुंकार मिळाला तरच ती पुढे सरकते. यंत्र हुंकार देत नाही. ते एका दिवसाचे एक कथन गोठवून ठेवते, आणि तेच प्रमाण मानले गेले तर इतर गायकांची कथने खोटी ठरू लागतात. शिवाय काही गायने विधीशी बांधलेली असतात. ती कोणी, केव्हा ऐकावीत याचे नियम असतात. म्हणून काय मुद्रित करावे, कोणत्या बोलीत ठेवावे, कोणास दाखवावे, याचा निर्णय त्या समाजाचाच असला पाहिजे. अन्यथा जुन्या दप्तराच्या जागी केवळ नवे, अधिक देखणे दप्तर येईल.

या शाळेतील मुले घरी अहिराणी किंवा भिली ऐकतात, बाहेर गुजराती-हिंदी बोलतात. आजीची बोली नातवाला कळेनाशी झाली, की उत्तमोत्तम यंत्रही मुक्या चित्रांचे प्रदर्शन ठरेल. मुद्रण अवश्य करा. पण आधी तिची परवानगी घ्या, आणि ती सांगेल तेव्हा हुंकार द्या.