तहानेचे चित्र

गेल्या काही महिन्यांतले आमचे वाचन एकाच प्रवासाभोवती फिरत राहिले. सन १९०१. नऊ वर्षांचा भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि दोन भाचे साताऱ्याहून वडिलांकडे निघाले. मसूर स्थानकावर उतरले. अंगावर नवे सदरे, डोईला झगमगत्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे! पोशाखावरून स्टेशनमास्तरांनी त्यांना ब्राह्मणांची मुले समजले. जात कळताच चेहरा पालटून ते आपल्या खोलीत निघून गेले.

डॉ. आंबेडकरांनी ही हकीकत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोटेखानी इंग्रजी आत्मकथनात लिहिली आहे. ते पुस्तकरूपाने यायला १९९० उजाडले. पुढे वसंत मून यांनी संपादिलेल्या शासकीय ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात त्याचा समावेश झाला. आम्हांला त्यात सर्वाधिक भिडला तो तपशिलाचा कोरडेपणा. दुप्पट भाडे घेऊनही गाडीवान गाडी हाकत नाही. मुले हाकतात आणि तो बाजूने चालतो. डब्यात अन्न भरपूर, पण पाणी नाही. आपण मुसलमान आहोत असे सांगून मुले जकातनाक्यावर पाणी मागतात, तर नाकेदार टेकडीकडे बोट दाखवतो. अखेर चौघे उपाशीच झोपतात. चरित्रकार अशा प्रसंगाला 'अपमान' म्हणून पुढे जातात. येथे तो शब्द न उच्चारता अपमानाची सगळी यंत्रणा उघडी पडते.

मग आम्ही चित्रकथांकडे वळलो. १९७९च्या 'अमर चित्र कथे'ला सबंध आयुष्य ३२ पानांत बसवायचे होते. दिलीप कदमांची रेषा सफाईदार. परंतु त्या मालिकेच्या साच्यात माणूस आधी नायक होतो, मग तहानेला जागा उरते कितीशी?

२०११ साली नवयान प्रकाशनाने काढलेल्या 'भीमायन'ची गोष्ट निराळी. दुर्गाबाई व सुभाष व्याम हे परधान गोंड चित्रकार. त्यांनी माणसांना चौकटीत कोंडायचे नाकारले. तहानलेल्या भीमाचे धड मासा होते, आगगाडी सापासारखी वळते. बोचऱ्या बोलण्याच्या फुग्यांना विंचवाची नांगी, तर सोसणाऱ्यांच्या बोलण्याला पक्ष्याचा आकार. वाचण्याआधीच डोळ्यांना कळते की हे वाक्य डसणार आहे.

दोष आहेतच. आरक्षणावर वाद घालणाऱ्या आजच्या दोन पात्रांचा संवाद आम्हांला पाठ दिल्यासारखा वाटला. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांच्या संहितेने तेथे चित्रांवर थोडा अधिक विश्वास टाकायला हवा होता. मूळ लेखनात नसलेले समर्थन येथे कशासाठी?

तरीही इतिहासाच्या वर्गात महाड १९२७ शिकवायचे झाल्यास आम्ही आता आधी हा मासा दाखवू आणि मग मूळ गद्य वाचून दाखवू. चवदार तळ्याची सनावळी मुलांना पाठ असते. रात्रभर जवळ अन्न असूनही ते घशाखाली का उतरू नये, हे त्यांना सनावळीतून समजत नाही.