ह्यांनी घेऊन दिलेलं मशीन

आमच्या घरात एक गोष्ट तीन पिढ्या सांगितली गेली. आजोबांनी आजीला हौसेने शिवणाचे मशीन घेऊन दिले, पुढे वर्षभरात ते विषमज्वराने गेले, आणि त्या मशीनवर आजीने तीन मुले वाढवली. आजी स्वतः ही गोष्ट एका वाक्यात सांगे. कुणी मशीनच्या चाकाला हात लावू लागले की म्हणे, "हळू. ह्यांनी घेऊन दिलंय." आजी १९८७ साली गेली आणि मशीन वाईच्या घरातल्या माळ्यावर गेले.

चार वर्षांपूर्वी ते घर आवरताना मी मशीन खाली उतरवले. मी नोकरीने हिशेबनीस. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. जुनी दप्तरे वाचण्याची सवय आहे, तीही स्वतःच लावून घेतलेली. मशीन चालू करावे आणि घरातल्या बायकांनी त्यावर एक गोधडी शिवावी, एवढाच तेव्हा बेत होता. त्या उद्योगातून घरातली गोष्ट उलटीपालटी होईल, हे ध्यानीमनी नव्हते.

मशीन पार आवळले होते. चाक फिरत नव्हते. असे जुने मशीन बहुधा मोडलेले नसते. त्यातले तेल वाळून त्याची राळ झालेली असते. आमच्याकडे तर मशीनचे तेल संपले की खोबरेल घालण्याची पद्धत होती, आणि खोबरेल लोखंडाच्या सांध्यात चिकटून बसते. रोज थोडे रॉकेल सोडायचे, चाक हाताने इकडे तिकडे हलवून पाहायचे, असे अकरा दिवस केल्यावर ते फिरले. पट्टा नवा घातला, बॉबिन भरायच्या चाकाचे रबर बदलले. एक चूक मात्र माझ्या हातून झाली. अंगावरची काजळी निघेना म्हणून मी स्पिरिटचा बोळा फिरवला. जुन्या मशीनवरची सोनेरी नक्षी लाखेच्या पातळ लेपाखाली असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. माझ्या डोळ्यांदेखत निम्मी वेलबुट्टी बोळ्यावर आली. आई नुसते बघत राहिली. बोलली असती तर बरे वाटले असते.

नक्षी गेली, पण तिच्यापेक्षा मोलाच्या खुणा उरल्या होत्या. दोरा ज्या लोखंडी कडीतून खाली येतो, तिथे दोऱ्याने चर कोरली होती. सुताने लोखंड कापले जायला किती मैल दोरा धावला असेल याचा अंदाज करावा! पायट्यावरचा काळा रंग उजव्या बाजूला पूर्ण उडालेला, डावीकडे शाबूत. आणि सुईखालच्या दात्यांची पट्टी काढली तेव्हा तिथे कापसाचा चिंधूळ नमद्यासारखा घट्ट बसला होता, रंगांच्या थरांनी: पांढरा, गुलाबी, खाकी, पुन्हा पांढरा. हौसेने कधीमधी वापरलेल्या मशीनच्या या खुणा नव्हेत. हे मशीन धंद्याचे होते.

*

शिवणयंत्राच्या जन्माचीही एक गोड गोष्ट आहे, आणि तिला मोठ्या माणसाचा आधार आहे. गांधीजी यंत्रांचे टीकाकार. पण १९२४ साली रामचंद्रन नावाच्या विद्यार्थ्याने त्यांना सरळच विचारले, की तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? 'यंग इंडिया'त छापल्या गेलेल्या त्या संवादात गांधीजींनी अपवाद म्हणून सिंगरच्या शिवणयंत्राचे नाव घेतले. आपली बायको हाताने टाके घालताना शिणते हे सिंगरला बघवेना, आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी त्याने हे यंत्र रचले, असे त्यांचे म्हणणे. विद्यार्थीही चलाख. त्याने विचारले, पण ही यंत्रे बनवायला कारखाना लागेलच ना? गांधीजींनी ते मान्य केले. मात्र असे कारखाने सरकारच्या मालकीचे किंवा ताब्यातले असावेत, अशी पुस्ती जोडली.

आयझॅक सिंगरचे चरित्र या गोष्टीला साथ देत नाही. तो भटक्या नट होता. त्याचे एकाच काळात एकाहून अधिक संसार होते आणि मुले वीसहून जास्त. १८५० साली बॉस्टनमधल्या ऑर्सन फेल्प्सच्या कारखान्यात दुसऱ्याच्या रचनेचे एक नादुरुस्त शिवणयंत्र त्याच्या पाहण्यात आले. यात पैसा आहे हे त्याने ओळखले, सुधारणा केल्या आणि १२ ऑगस्ट १८५१ रोजी पेटंट मिळवले. त्यातली मूळ कल्पनाही त्याची नव्हती. एलियस हाऊचे पेटंट १८४६चे, आणि हाऊने पुढे कोर्टात जाऊन सिंगरकडून आपला हक्काचा पैसा वसूल केला.

या कल्पनेचा इतिहास मला गोधडीसाठी फार महत्त्वाचा वाटतो. यंत्र बायकोच्या हाताची नक्कल करून जन्मले, हे त्या गोड गोष्टीचे गृहीत. प्रत्यक्षात नक्कल फसली होती. १८४२ साली जॉन ग्रीनफ याने अमेरिकेत शिवणयंत्राचे पहिले पेटंट घेतले. त्याची सुई दोन्ही टोकांना अणकुचीदार, नाक मध्यभागी. चिमट्यांनी ती आरपार ओढायची आणि परत दुसऱ्या बाजूने घालायची. म्हणजे आपला धावदोराच. पण दोरा संपला की काम थांबे. ते यंत्र चालले नाही. यंत्र जमले ते हाताची रीत सोडल्यावर: सुईचे नाक टोकाशी आणले, सुई कापडातून पुरती बाहेर पडेनाशी झाली, आणि खालच्या शटलमधला दुसरा दोरा वरच्या दोऱ्यात अडकवला गेला. आज आपण जिला टीप म्हणतो ती ही, दोन दोऱ्यांची. धावदोरा एका दोऱ्याचा. तो यंत्राने सोडून दिला आणि तो हाताकडेच राहिला.

*

मशीनच्या अंगावर, उजवीकडे तळाशी, क्रमांक ठोकलेला असतो. १९०० सालापासून सिंगर कंपनी आकड्यांआधी अक्षरे ठोकू लागली, आणि कोणता गट कोणत्या कारखान्याला कधी दिला गेला याच्या याद्या आज उपलब्ध आहेत. आमचे मशीन १५ के. यातला 'के' किलबोवीचा. स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीकाठी क्लाइडबँक गावात किलबोवी येथे १८८५ साली उभा राहिलेला हा कारखाना पुढे कितीतरी देशांना मशीन पुरवत होता. १९८० साली तो बंद पडला.

मशीन बाईसाठी केले, असे म्हणताना ते बाईनेही केले हे विसरले जाते. या कारखान्यात हजारो स्त्रिया कामाला होत्या. २१ मार्च १९११ रोजी लाकडी पेट्यांना पॉलिश करणाऱ्या बाराजणींनी काम वाढवल्याच्या विरोधात हत्यारे खाली ठेवली, आणि त्यांच्या मागोमाग कारखान्यातले सुमारे अकरा हजार कामगार संपावर गेले. तीन आठवड्यांत संप मोडला. पुढाकार घेणाऱ्या शेकडोंना कामावरून काढले.

आमच्या मशीनचा क्रमांक याद्यांशी ताडला. गट १९४९चा निघाला. मी तीनदा पाहिला. आजोबा गेले ऑगस्ट १९४६मध्ये. नगरपालिकेतल्या मृत्यूच्या नोंदीचा उतारा माझ्या फायलीत आहे. गेलेल्या माणसाने तीन वर्षांनी तयार झालेले मशीन घेऊन दिले नाही, एवढे नक्की.

तरी घाई करायची नाही, हे हिशेबात शिकलो होतो. आजोबांनी घेतलेले मशीन वेगळे असेल आणि आजीने पुढे ते बदलून हे घेतले असेल, अशी एक शक्यता उरत होती. तेव्हाचे जाणणारे माणूस घरात एकच होते, ते म्हणजे आत्या. ती त्र्याऐंशीची. तिच्यासमोर क्रमांक लिहिलेला कागद ठेवला. तिने तो वाचलासुद्धा नाही.

"पाटल्या मोडल्या आईनं," ती म्हणाली. "उरलेले हप्त्यानं फेडले. पुण्याहून लाकडी खोक्यातून आलं. मी बारा वर्षांची होते. त्याच्या आधी घरात मशीन नव्हतं रे, हातानं शिवायची ती."

"मग 'ह्यांनी घेऊन दिलं' कशाला म्हणायची?"

"विधवा बाई स्वतःच्या पैशानं मशीन घेते म्हटल्यावर गावाला दहा तोंडं फुटली असती. ह्यांनी दिलं म्हटलं की सगळे गप्प."

*

गावाच्या त्या दहा तोंडांना कारण होते. आपल्याकडे मशीन आधी बाईच्या हातात आलेच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात सिंगरचा हिंदुस्थानातला व्यापार वाढवला तो नसरवानजी मेरवानजी पटेल या मुंबईच्या पारशी गृहस्थांनी. गिऱ्हाईक मुख्यतः शिंपी. एडवर्ड क्लार्क या सिंगरच्या भागीदाराने १८५६ साली अमेरिकेत सुरू केलेली हप्त्यांची पद्धत इथेही आली, आणि ओसरीवर बसून हाताने शिवणारा शिंपी ओसरीवर मशीन घेऊन बसला. संत नामदेवांच्या पदांत गज, कात्री ही धंद्याची हत्यारे भक्तीची रूपके होऊन येतात. त्या परंपरेत आता पायट्याचा खडखडाट मिसळला.

घरच्या बाईला मशीनची गरजही बेताचीच होती. नऊवारी लुगडे आणि धोतर ही न शिवलेली वस्त्रे. चोळी हातानेच होई. झंपर, पोलकी, परकर, मुलांचे सदरे-चड्ड्या घरोघर आल्या तसे शिवणकाम वाढले. बाईसाठी ते उपजीविकेचे साधन होऊ शकते हा विचार संस्थांनी रुजवला. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ साली सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनात शिवणाचे वर्ग होते. १९३०च्या दशकात कलकत्त्याला 'उषा' तयार होऊ लागले आणि मशीन स्वदेशीही झाले. पण माझ्या आजीने शिवण शिकल्याचा कागद नाही, हप्त्याच्या पावत्या नाहीत, गिऱ्हाइकांची वही नाही. तिच्या अडतीस वर्षांच्या धंद्याची कागदावर एकही ओळ नाही.

ती ओळ गोधड्यांत सापडली.

घरात दोन जुन्या गोधड्या होत्या. पहिली माझ्या वडिलांच्या जन्माच्या वेळची, १९४०ची. तिचे सारे तुकडे चौकोनी किंवा लांब पट्ट्यांचे, कडा सूत धरून फाडलेल्या. लुगडे आणि धोतर सरळ फाटते. कात्री लागतच नाही. दुसरी गोधडी आत्याच्या लग्नातली, १९५८ची. तिच्या वरच्या थरात चंद्रकोरीसारखे तुकडे आहेत. आईने बोट ठेवून सांगितले, "हा मुंढा कापल्यावर पडतो तो. हा गळ्याचा." पोलकी बेतताना उरणाऱ्या चिंध्या त्या. मी मोजल्या, तर निरनिराळ्या छापांचे एकसष्ट तुकडे भरले. एका घरात एवढ्या छापांची पोलकी होत नसतात. ती गावातल्या गिऱ्हाइकांची आहेत. मशीन आले की हातशिवण मरते असे आपण समजतो. इथे मशीनने गोधडीला खाद्य पुरवले होते.

*

त्या दिवाळीच्या सुट्टीत आई, आत्या, माझी पत्नी आणि मुलगी अशा चौघी गोधडीला बसल्या. मी मशीन सांभाळायला. तुकडे एकमेकांना जोडण्याचे काम मशीनने झरझर केले. पंच्याहत्तर वर्षांच्या त्या लोखंडाची टीप अजून सरळ आहे. मग मी हट्टाने पाचही थर एकत्र करून सुईखाली सरकवले. सोळा नंबरची सुई मोडली, अठरा नंबरची वाकली. खालचा थर चुण्या पडून गोळा झाला. "आता ते बाजूला ठेव," आई म्हणाली.

चौघींनी चार कडांनी सुरुवात केली. कडेला समांतर धावदोरा, मग त्याच्या आत दुसरा, असे मध्याकडे यायचे. आईला आता दोरा ओवता येत नाही, मुलगी ओवून देते. टाका मात्र आईचाच बारीक. मुलीचा प्रत्येक टाका तांदळाएवढा, आईचा मोहरीएवढा, आणि आत्याचा कुठे दिसायचा, कुठे नाही. मशीनची टीप कुणीही मारली तरी सारखीच दिसते, म्हणून मशीनवर आजीचा हात ओळखता येत नाही. जुन्या गोधडीवर तो येतो. ती कोपऱ्याशी वळताना दोन टाके आडवे घालायची.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा आई नाराज झाली. "सासूबाईंनी जन्मभर झाकलं ते तू छापणार?" तिचे चुकत नव्हते. खोटी गोष्ट पुसताना, ती सांगणाऱ्या बाईने तिच्या आड मिळवलेला आडोसाही आपण काढून घेतो. नक्षीवर स्पिरिट फिरवणाऱ्या माणसाने तर हे दहादा विचारात घ्यायला हवे. सहा महिने मी कागद बाजूला ठेवले.

शेवटी आत्याला विचारले. ती मध्यापाशी आली होती, शेवटची ओळ राहिली होती. दोरा दाताने तोडून म्हणाली, "लिही. पाटल्या तिच्या होत्या, हेही लिही. माहेरच्या होत्या."