हिपॅटायटिस सी : गोळ्यांनी बरा होणारा यकृतविकार
हिपॅटायटिस सीचा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. रक्तावाटे पसरणारा हा विषाणू कावीळ न होताही वर्षानुवर्षे यकृतात राहतो व सिऱ्होसिस वा कर्करोगास कारणीभूत ठरतो. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने २४ ते ४८ आठवडे घ्यावी लागत. ज्वर, नैराश्य सोसूनही सुमारे निम्मेच रुग्ण बरे होत. २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या सोफोसबुविरने हे चित्र पालटले. विषाणूच्या प्रती घडविणारे विकर हे औषध रोखते. डॅक्लाटासविर वा वेलपाटासविरच्या जोडीने बहुधा १२ आठवड्यांत ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण विषाणुमुक्त होतात. राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत २०१८ पासून भारतात ही औषधे विनामूल्य मिळतात. प्रतिबंधक लस मात्र नाही; आणि सिऱ्होसिस झालेल्यांना विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी लागते.