मुसोलिनीच्या गाड्या खरंच वेळेवर धावायच्या का?

लोकशाहीचा वैताग आला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं. "पाच-दहा वर्षं हुकूमशाही पाहिजे, मग बघा सगळे कसे सरळ होतात!" त्यावर कोणीतरी पुस्ती जोडतं, "मुसोलिनी कसाही असो, इटलीतल्या गाड्या त्याने वेळेवर आणल्या."

हा दाखला जवळपास शंभर वर्षं फिरतोय. जरा तपासून बघू.

पहिल्या महायुद्धाने इटलीच्या रेल्वेची दैना केली होती. कोळशाची टंचाई, झिजलेली इंजिनं, त्यात 1919-20 मध्ये संपावर संप. पण मुसोलिनी ऑक्टोबर 1922 मध्ये सत्तेवर आला, तोवर सावरासावर सुरू झालेली होती. त्याने आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या. परदेशी पाहुणे ज्यातून फिरायचे त्या मोठ्या मार्गांवरच्या गाड्या सुधारल्या, हे मान्य. बाकीच्यांचं काय? बर्गन इव्हान्स हे अमेरिकन लेखक 1930 च्या उन्हाळ्यात तिथे एका पर्यटन कंपनीसाठी काम करत होते. आपण बसलो त्यातल्या बहुतेक गाड्या वेळेवर नव्हत्या, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं.

मग एवढी ख्याती कशी झाली? 1926 पर्यंत विरोधी वर्तमानपत्रं बंद पाडली गेली होती. उरलेल्यांनी काय छापायचं ते वरून ठरायचं. गाडीला उशीर व्हायचा, पण त्याची बातमी होत नव्हती.

आणि ज्याने हिशेब मांडला त्याचं काय झालं? जाकोमो मात्तेओत्ती नावाचे समाजवादी खासदार होते. फॅसिस्ट राजवटीच्या पहिल्या वर्षावर त्यांनी आकडेवारीसकट पुस्तक लिहिलं. अर्थव्यवस्था सुधारल्याचं श्रेय हे सरकार घेतंय ते त्याचं नाही, असा त्यांचा मुद्दा होता. 30 मे 1924 रोजी त्यांनी संसदेत निवडणुकीतल्या दहशतीचा पाढा वाचला. 10 जूनला रोममध्ये दिवसाढवळ्या त्यांना गाडीत कोंबून नेलं आणि ठार मारलं. प्रेत सापडलं ऑगस्टमध्ये.

यानंतर उत्तरपत्रिका तपासायला कोण पुढे येणार?

बरोबर सोळा वर्षांनी, 10 जून 1940 ला, मुसोलिनीने युद्धात उडी घेतली. आता मात्र पेपर तपासणारे बाहेरचे होते. "80 लाख संगिनी" ही त्याची जुनी बढाई. प्रत्यक्षात कागदावर 73 डिव्हिजन, त्यातल्या पूर्ण सज्ज 19. डिव्हिजनांचा आकडा फुगावा म्हणून प्रत्येकीतल्या तीन रेजिमेंटच्या दोन करून ठेवल्या होत्या. बहुतेक रणगाडे म्हणजे दोन माणसं बसतील अशी, मशीनगन लावलेली तीन टनी डबडी. कहर म्हणजे युद्ध पुकारतोय हे स्वतःच्या व्यापारी जहाजांनाही वेळेत कळवलं नाही! जवळपास एक तृतीयांश जहाजं परदेशी बंदरांत अडकली आणि हातची गेली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला लाखो सैनिक घरी पाठवायचा हुकूम काढला आणि त्याच महिन्याच्या 28 तारखेला ग्रीसवर हल्ला केला. ग्रीकांनी त्यांना पार अल्बानियात मागे रेटलं.

"इटलीचं सोडा, जर्मनीचं बोला," असं काही जण म्हणतील. बोलू की. हिटलरच्या नावावर खपवला जातो तो महामार्ग. कोलोन ते बॉन हा पहिला रस्ता ऑगस्ट 1932 मध्येच खुला झाला होता, हिटलर सत्तेवर यायच्या आधी. 'लोकांच्या मोटारी'साठी सुमारे 3 लाख 36 हजार लोकांनी दर आठवड्याला पैसे भरले. युद्ध संपेपर्यंत एकालाही गाडी मिळाली नाही. एकाच कामावर दोन-तीन खाती आणि त्यांची आपसात लाथाळी, हा तिथला रोजचा कारभार. 1940 मध्ये ब्रिटनने सुमारे 15 हजार विमानं बांधली, जर्मनीने 11 हजारांच्या आत. आणि ब्रिटनमध्ये तर संसद चालू होती, पेपरवाले सरकारला धारेवर धरत होते!

आपल्याकडे हेच आणीबाणीबद्दल बोललं जातं. आणीबाणी आणि फॅसिझम एकच नव्हेत. पण "गाड्या वेळेवर होत्या, साहेब दहाच्या ठोक्याला खुर्चीत असायचा" ही आठवण त्याच जातीची. तेव्हा पेपरांवर सेन्सॉर होता. 1976-77 या एका वर्षात 80 लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, उद्दिष्टाच्या जवळपास दुप्पट. कागदावर पाहिलं तर केवढी कार्यक्षमता! त्यात जबरदस्तीने टेबलावर झोपवलेले किती, हे लोकांसमोर आलं ते सरकार पडून चौकशी आयोग बसल्यावर.

लोकशाहीत गाडी उशिरा येते, आपण स्टेशनमास्तरवर ओरडतो, पेपरात पत्र लिहितो, आमदाराला शिव्या घालतो. म्हणून आपल्याला वाटतं, आपल्याकडेच सगळा गोंधळ. तिथे तो गोंधळ असतोच, वर ओरडणाराला उचलून नेतात. तेव्हा पुढच्या वेळी कोणी शिस्तीचे गोडवे गायले, तर एवढंच विचारा: गाडी वेळेवर होती हे तुम्हाला कोणी सांगितलं? आणि उशीर झाला असता, तर ते सांगायची परवानगी कोणाला होती?