संगणक बदलताना ईमेलची संपर्कसूची कशी हलवावी

विंडोज १० या संगणकप्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यामुळे जुना संगणक बाजूला ठेवून नवा घेण्याचा प्रश्न अनेक घरांपुढे आणि लहान कार्यालयांपुढे उभा राहिला आहे. अशा वेळी कागदपत्रे आणि छायाचित्रे यांची नक्कल आठवणीने केली जाते. ईमेलची संपर्कसूची मात्र पुष्कळदा मागे राहते. ती डेस्कटॉपवर दिसणारी फाइल नसल्यामुळे तिची आठवण होते ती नव्या संगणकावर पहिले पत्र लिहायला घेतल्यावर. तोपर्यंत जुना संगणक विकला गेला असेल किंवा त्याची डिस्क पुसली गेली असेल, तर अनेक वर्षांत जमलेले पत्ते परत मिळवणे जवळजवळ अशक्य होते.

सूची नेमकी कोठे असते

स्थलांतरापूर्वी सूची सर्व्हरवर आहे की संगणकाच्या डिस्कवर, हे निश्चित करावे. जीमेल, आउटलुक डॉट कॉम किंवा आयक्लाउड यांचे संपर्क त्या त्या सेवेच्या सर्व्हरवर असतात. ब्राउझरमधून ईमेल वापरणाऱ्याने नव्या संगणकावर त्याच खात्यात प्रवेश केला की सूची आपोआप दिसते. कार्यालयातील एक्स्चेंज किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ खात्यांचेही तसेच आहे.

याउलट पॉप किंवा आयमॅप या पद्धतीने जोडलेल्या खात्यांत संपर्क सर्वसाधारणपणे प्रोग्रामच्या स्वतःच्या पत्तावहीत, म्हणजे त्या संगणकाच्या डिस्कवरच राहतात. येथेच बहुतेकांची फसगत होते. नव्या संगणकावर आयमॅप खाते जोडताच जुनी पत्रे उतरतात आणि सारे काही आले असा समज होतो. पण आयमॅप केवळ पत्रांची ने-आण करते, संपर्कांची नाही. संपर्कांच्या समन्वयासाठी कार्डडॅव्ह ही स्वतंत्र पद्धत असून तिचे प्रमाणक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. ईमेल सेवा आणि प्रोग्राम या दोहोंत ती उपलब्ध असेल तरच सूची आपोआप पोहोचते.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. पत्ता टाइप करू लागताच जी नावे सुचवली जातात, ती सारी संपर्कसूचीत असतातच असे नाही. जीमेलमध्ये अशी नावे ‘अदर कॉन्टॅक्ट्स’ या विभागात, तर थंडरबर्डमध्ये ‘कलेक्टेड ॲड्रेसेस’ या वेगळ्या पत्तावहीत साठतात. आउटलुकमधील सुचवण्यांची यादी संपर्कांहून स्वतंत्र असते व संपर्क एक्स्पोर्ट करताना ती सोबत जात नाही. नेहमी ज्यांच्याशी पत्रव्यवहार होतो, त्यांची नावे मुख्य सूचीत नोंदलेली आहेत का, हे म्हणूनच आधी पाहावे.

फाइलीचे तीन प्रकार

सीएसव्ही ही साधी मजकूर फाइल असते. प्रत्येक ओळीत एक व्यक्ती आणि स्वल्पविरामांनी विभागलेले रकाने, अशी तिची रचना. जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम ती वाचतो. मात्र छायाचित्रे तीत मावत नाहीत आणि आउटलुकमधील संपर्कगटही तीत उतरत नाहीत.

व्हीकार्ड हे १९९०च्या दशकाच्या मध्यात संगणकीय ‘भेटपत्र’ म्हणून तयार झालेले स्वरूप आहे. त्याची ३.० ही आवृत्ती १९९८ मध्ये आणि ४.० ही २०११ मध्ये प्रमाणित झाली. मोबाइल फोन, ॲपलचे संगणक आणि गूगल यांच्यात देवाणघेवाण करण्यास ते सोयीचे आहे. मात्र एकाच व्हीकार्ड फाइलीत शेकडो व्यक्ती असल्यास पारंपरिक आउटलुक त्यातील पहिलीच नोंद घेते. तेथे सीएसव्हीचा आधार घ्यावा.

तिसरा प्रकार प्रोग्रामच्या स्वतःच्या फाइलीचा. आउटलुकची पीएसटी फाइल हे त्याचे परिचित उदाहरण. दोन्ही संगणकांवर तोच प्रोग्राम असेल तर हाच मार्ग सर्वांत निर्धोक, कारण छायाचित्रे, टिपणे आणि गट यांसह सूची जशीच्या तशी पोहोचते.

आउटलुक

पारंपरिक आउटलुकमध्ये ‘फाइल’, ‘ओपन अँड एक्स्पोर्ट’, ‘इम्पोर्ट/एक्स्पोर्ट’ या क्रमाने जावे. ‘एक्स्पोर्ट टू अ फाइल’ निवडल्यावर पीएसटी किंवा सीएसव्ही असा पर्याय मिळतो. पुढे ‘कॉन्टॅक्ट्स’ हे फोल्डर निवडून फाइल पेन ड्राइव्हवर साठवावी. एकाहून अधिक खाती असल्यास प्रत्येक खात्याचे ‘कॉन्टॅक्ट्स’ फोल्डर वेगळे असते. योग्य ते निवडले आहे याची खात्री करावी. नव्या संगणकावर याच ठिकाणाहून इम्पोर्टचा पर्याय घ्यावा आणि दुबार नोंदी टाळण्याची खूण निवडावी.

थंडरबर्ड

थंडरबर्डमध्ये पत्तावही उघडून ‘एक्स्पोर्ट’ने सूची सीएसव्ही, व्हीकार्ड किंवा एलडीआयएफ स्वरूपात काढता येते. वैयक्तिक पत्तावही आणि आपोआप जमलेल्या पत्त्यांची वही या दोन्ही स्वतंत्रपणे काढाव्या लागतात. खाती, पत्रे आणि संपर्क असे सारेच हलवायचे असेल, तर प्रोग्राम बंद करून संपूर्ण प्रोफाइल फोल्डरची नक्कल करणे हा पर्यायही आहे.

जीमेल आणि ॲपल

गूगल कॉन्टॅक्ट्समधील ‘एक्स्पोर्ट’ तीन पर्याय देते : गूगलसाठीची सीएसव्ही, आउटलुकसाठीची सीएसव्ही आणि व्हीकार्ड. संगणक बदलताना याची गरज सहसा पडत नाही. खाते बदलताना मात्र पडते. महाविद्यालय सोडणारा विद्यार्थी किंवा निवृत्त होणारा कर्मचारी यांचे संस्थेने दिलेले खाते बंद झाले की त्यातील संपर्कही त्यांच्या हातून जातात. ज्या वैयक्तिक नोंदी सोबत नेण्यास मुभा आहे, त्या खाते चालू असतानाच काढून घ्याव्यात. आयात करताना गोंधळ झाला, तर गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये मागील ३० दिवसांतील कोणत्याही स्थितीला परत जाण्याची सोय आहे. ॲपलच्या संगणकावर ‘कॉन्टॅक्ट्स’ प्रोग्राममधील ‘फाइल’ मेनूतून व्हीकार्ड काढता येते.

फार जुने संगणक

विंडोज एक्सपीच्या काळातील आउटलुक एक्स्प्रेस आजही काही ठिकाणी जुन्या संगणकांत सापडते. त्याची पत्तावही ‘डब्ल्यूएबी’ या विस्तारनामाच्या फाइलीत असते. तो संगणक चालू असेपर्यंत आउटलुक एक्स्प्रेसच्याच ‘एक्स्पोर्ट’मधून मजकूर फाइल काढणे हा सर्वांत सरळ उपाय होय.

भारतीय लिप्यांचा प्रश्न

देवनागरी, बंगाली, तमिळ किंवा अन्य भारतीय लिप्यांत नावे नोंदणाऱ्यांनी विशेष सावध राहिले पाहिजे. आउटलुकच्या जुन्या आवृत्त्या सीएसव्ही फाइल युनिकोडमध्ये न काढता विंडोजच्या जुन्या प्रादेशिक संकेतसारणीत काढतात. विंडोजच्या या सारण्यांत भारतीय लिप्यांना स्थानच नव्हते. परिणामी नावातील प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते. ही हानी केवळ दिसण्यातली नसते. मूळ अक्षरे त्या फाइलीत उरलेलीच नसतात. अशा वेळी २००३ व नंतरच्या आउटलुकमध्ये युनिकोड जपणारी पीएसटी फाइल वापरावी.

प्रश्नचिन्हांऐवजी अनाकलनीय रोमन चिन्हांची गिचमिड दिसत असेल, तर प्रकरण वेगळे आहे. फाइल बहुधा यूटीएफ-८ संकेतात शाबूत असते आणि एक्सेल ती चुकीच्या संकेतात वाचत असते. ती तशीच साठवू नये. एक्सेलच्या ‘डेटा’ मेनूतून मजकूर किंवा सीएसव्ही फाइल मागवण्याचा पर्याय घेऊन संकेत म्हणून यूटीएफ-८ निवडावा; अक्षरे पूर्ववत दिसतात.

तिसरी शक्यता जुन्या फाँटची. युनिकोडचा वापर रुळण्यापूर्वी अनेक कार्यालयांत खास मराठी किंवा हिंदी फाँटमध्ये नावे टंकली जात. त्यांत अक्षरांचे संकेत रोमनचेच असत, केवळ रूप देवनागरीचे दिसे. नव्या संगणकावर तो फाँट नसेल तर नावे निरर्थक भासतात. त्या विशिष्ट फाँटसाठीच्या परिवर्तक प्रोग्रामने ती युनिकोडमध्ये आणता येतात.

दूरध्वनी क्रमांक जपा

सीएसव्ही फाइल दुरुस्तीसाठी एक्सेलमध्ये उघडली की आणखी एक नुकसान संभवते. एक्सेल दूरध्वनी क्रमांकाला संख्या समजते. त्यामुळे मुंबईच्या ०२२ किंवा पुण्याच्या ०२० या संकेतांकातील आरंभीचे शून्य गळते, +९१ मधील अधिकचिन्ह नाहीसे होते आणि बारा अंकी क्रमांक घातांकाच्या रूपात संक्षिप्त होतो. अशा स्थितीत फाइल साठवली, तर क्रमांकातील शेवटचे अंक कायमचे जाऊ शकतात. फाइल मागवतानाच क्रमांकांचे रकाने ‘टेक्स्ट’ म्हणून घोषित करावेत आणि मूळ फाइलीची एक प्रत अस्पर्शित ठेवावी.

पडताळणी, मग निरोप

स्थलांतर पूर्ण झाल्याचे तीन गोष्टींवरून ठरवावे. दोन्ही संगणकांवरील नोंदींची संख्या जुळली पाहिजे. आरंभीच्या, मधल्या आणि शेवटच्या काही नोंदी उघडून नाव, ईमेल पत्ता व क्रमांक योग्य रकान्यांत पडले आहेत का, हे पाहिले पाहिजे. आणि नव्या संगणकावरून एखाद्या परिचिताला प्रत्यक्ष पत्र धाडून पाहिले पाहिजे. त्यानंतरही काही आठवडे जुना संगणक न पुसता ठेवणे हिताचे. निर्यात केलेली फाइल मात्र सहसा कोणतेही कुलूप नसलेली, कोणालाही वाचता येणारी असते. पेन ड्राइव्ह हरवला तर शेकडो लोकांचे पत्ते व क्रमांक परक्या हाती पडतात. काम संपताच ती तेथून काढून टाकावी आणि एक प्रत सुरक्षित जागी ठेवावी.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ हा व्यक्तीने निव्वळ खासगी किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला लागू होत नाही. गृहनिर्माण संस्था, शाळा, दवाखाने आणि व्यावसायिक कार्यालये यांची सूची मात्र घरगुती ठरत नाही. तेथे ती कोणी काढली, कोठे ठेवली आणि जुना संगणक देण्यापूर्वी डिस्क पुसली का, याची नोंद असणे आवश्यक आहे. सूचीतील प्रत्येक नाव कोणीतरी विश्वासाने दिलेले असते, आणि तो विश्वास संगणक बदलल्याने संपत नाही.